बाग दुपारी बंद राहील

एप्रिल उजाडला, रस्त्यावरच्या बहाव्याला पिवळे घोस लटकायला लागले, की माझ्या डोक्यात एकच किडा वळवळायला लागतो. बाग दुपारी बंद का असते? हसू नका. आमचे हे हसतात तेवढं पुरे आहे. "रिटायर झालीस, आता जरा आराम कर, हे कसले प्रश्न घेऊन बसलीस?" म्हणतात. पण मला लहानपणापासून चौकशीची खोड. सगळी नोकरी पोस्टाच्या काउंटरमागे गेली, लोकांना नियम सांगण्यात. सांगता सांगता मनात यायचं, हा नियम पहिल्यांदा कुणाला सुचला असेल? सुचला तेव्हा तो माणूस कुठे बसला होता? त्याच्या डोक्यावर पंखा होता का?

आमची बाग काही फार मोठी नाही. नाहूर आणि मुलुंडच्या मधे, एका बाजूला आमच्यासारख्या जुन्या बिल्डिंगी आणि दुसऱ्या बाजूला मान मोडेपर्यंत वर बघावं लागेल असे टॉवर. मधल्या तुकड्यात दोन दांडगे शिरीष, एक बदाम आणि भिंतीलगत करंजांची रांग. नोकरीत असताना मी ती फक्त सकाळी जाता जाता आणि संध्याकाळी येता येता बघितली. सकाळी हात वर करून हसणारी मंडळी, संध्याकाळी घसरगुंडीवर मुलं. मला वाटायचं, बाग म्हणजे एवढंच. तिला दुपार असते हे मला रिटायर झाल्यावर कळलं.

गेल्या वर्षीचीच गोष्ट. घरी बसून पहिल्या आठवड्यातच मला भिंती खायला लागल्या, म्हणून एका दुपारी बागेत गेले. बघते तर करंजाखाली बायकाच बायका. कुणी पदर तोंडावर घेऊन आडवी, कुणी डबा सोडून बसलेली, कुणी एकमेकींच्या उवा बघतेय. करंजाला नुकती पालवी आली होती, त्या कोवळ्या हिरव्या सावलीत त्यांच्या साड्यांचे रंग मस्त उठून दिसत होते. एकीने माझ्याकडे बघून पाय जवळ घेतले आणि म्हणाली, "बसा ताई. कुणाकडं काम धरलंय?"

ही सुनंदा. ती मला कामवाली समजली आणि मला त्याचं भारी वाटलं, का ते अजून कळलेलं नाही. सुनंदा मूळची जालन्याकडची, लग्न करून भांडुपच्या डोंगरावरच्या वस्तीत आली. सकाळी टॉवरमधे घरं करते आणि दुपार कलल्यावर दुसरी घरं. मधले काही तास रिकामे. डोंगर चढून घरी जावं तर जाऊन पाठ टेकेपर्यंत उतरायची वेळ होते. टॉवरच्या लॉबीत बसावं तर तिथे पाटी: घरकाम करणाऱ्यांनी येथे बसू नये. "सोफे आहेत बघा गुबगुबीत," सुनंदा म्हणाली, "पण ते बसायचे नाहीत. ते बघायचे आहेत." म्हणून ही बाग. सगळ्या दुपारच्या बायकांची ही मधली सुट्टी होती, आणि मी त्यात रोज जायला लागले.

काय दुपारी होत्या त्या! मंदा म्हणून एक सावंतवाडीकडची होती, ती मालवणीत टॉवरमधल्या मॅडमच्या नकला करायची. "अगो बाय, माका सांगता, मंदा, हे एअर फ्रायर हळू पूस, त्येका लागात!" सगळ्या खो खो हसायच्या. मग हळूहळू आवाज कमी व्हायचे, कावळे तेवढे ओरडायचे, आणि सगळ्या झोपायच्या. गाढ. पिशवीच्या बंदात हात अडकवून, ती डोक्याखाली घेऊन. इतक्या बायका उघड्यावर इतक्या निवांत झोपलेल्या मी आयुष्यात पाहिल्या नव्हत्या. आपल्याकडे बाईमाणूस झोपतं ते दार लावून.

मला माझे वडील आठवायचे. घाटकोपरच्या चाळीत आम्ही राहायचो, ते गिरणीत होते. गिरणी बंद पडली तरी ते रोज सकाळी डबा घेऊन निघायचे. शेजाऱ्यांना कळू नये म्हणून. मी एकदा शाळेतून येताना त्यांना बागेतल्या बाकावर पाहिलं. तोंडावर पेपर, चपला बाकाखाली नीट जोडून ठेवलेल्या. मी हाक न मारता घरी आले. संध्याकाळी आईने विचारलं, "आज काम जास्त होतं का?" आणि ते "हो" म्हणाले. पुढे ते वॉचमनच्या नोकरीला लागले. पण मधल्या त्या दिवसांत त्यांना कुणी उठवलं नाही, इथे का बसलात म्हणून विचारलं नाही, एवढं खरं.

तर आमच्या बागेला त्या हिवाळ्यात निम्म्या भागात पत्रे लागले होते. सुशोभीकरण. बाग देखभालीसाठी कुठल्याशा संस्थेकडे सोपवली होती. सरकारकडे माळी ठेवायला पैसे नाहीत, म्हणून सरकारी जागा दुसऱ्याने सांभाळायची, असं ते धोरण. पाडव्याच्या आधी पत्रे निघाले, फीत कापली. आत लाल रबरी ट्रॅक, सिमेंटचं हरीण, 'आय लव्ह' असं लिहिलेलं दिव्यांचं हृदय. बाकही नवीन, आणि प्रत्येक बाकाच्या बरोबर मधे लोखंडी दांडा, हात टेकायला असतो तसा. मी विचारात पडले. दोन्ही टोकांना हात टेकायला दांडा नाही आणि मधेच का? मग एका बाईला आडवं होताना पाहिलं, म्हणजे होता येत नाही असं पाहिलं, आणि कळलं.

आणि गेटवर नवीकोरी पाटी. सकाळच्या वेळा, संध्याकाळच्या वेळा आणि खाली, बाग दुपारी बंद राहील.

मी चौकशीला लागले. वॉचमन म्हणाला, "वरून ऑर्डर आहे, मॅडम." वर म्हणजे कुठे ते त्याला माहीत नव्हतं. संस्थेचा सुपरवायझर म्हणाला, दुपारी हिरवळीला पाणी मारतात. मी बाहेर उभं राहून पाहिलं, पाणी सकाळीच मारून झालेलं असायचं. टॉवरमधल्या एक बाई म्हणाल्या, "दुपारी नको नको ते लोक येतात हो." मी विचारलं, "नको नको ते म्हणजे कोण?" त्या म्हणाल्या, "म्हणजे, आपल्यातले नाहीत ते." आमचे हे म्हणाले, "झाडांनाही वामकुक्षी लागते." कुणालाच माहीत नव्हतं, आणि कुणालाच माहीत करून घ्यायचं नव्हतं. मला ह्याचीच जास्त गंमत वाटायला लागली, रागाइतकीच. शहरातल्या एवढ्या माणसांच्या दुपारी एका पाटीवर ठरतात आणि ती पाटी कुणाची ते कुणी सांगू शकत नाही!

त्यातून फोनवर सरकारचे मेसेज यायचे. उष्णतेची लाट आहे, दुपारच्या वेळी उन्हात फिरू नका, सावलीत थांबा, पाणी प्या. मी तो मेसेज सुनंदाला वाचून दाखवला. आम्ही बसस्टॉपवर उभ्या होतो, तिथलं छप्पर पत्र्याचं, वरून तळपणाऱ्या उन्हाने तेच तापलेलं, काही उपयोगाचं नव्हतं. ती म्हणाली, "बरोबर बोलतंय की सरकार. फक्त सावलीला कुलूप लावून बोलतंय."

तिला हसायला येत होतं, पण मला तिची काळजी लागून राहिली होती. तिला बीपीचा त्रास. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, दुपारी उन्हात राहायचं नाही. मे महिन्यात त्याच बसस्टॉपवर तिला गरगरलं आणि ती खाली पडली. मनगट मुरगळलं. चार-पाच दिवस कामाला गेली नाही तर टॉवरमधल्या एका घराने दुसरी बाई ठेवली. "अजून एकदा पडले ना ताई," ती म्हणाली, "तर बाकीची घरंपण जातील. घरी नवऱ्याची कमाई अशी-तशीच. मला पडून चालायचं नाही." तिला काही फार मोठं नको होतं. दुपारी पाठ टेकायला झाडाखाली एवढीशी जागा हवी होती, पूर्वी होती तेवढीच.

मग सुनावणीची नोटीस लागली. बागेच्या नव्या व्यवस्थेबद्दल नागरिकांच्या हरकती आणि सूचना ऐकणार, वॉर्ड ऑफिसच्या वरच्या हॉलमधे, आणि वेळ भर दुपारची. टॉवरमधले नोकरदार कुरकुरले, ही काय वेळ झाली. मी मात्र टाळी वाजवली. आमच्या बायकांना दुसरी कुठली वेळ जमणारच नव्हती! सुनंदा म्हणाली, "मी बोलते. मला भीती नाही वाटत. जयंतीला आमच्या वस्तीत मी माइकवर बोलते." त्या दिवशी सकाळी भांडी घासताना तिने सगळं पाठ केलं.

आम्ही गेलो. काय सांगू त्या हॉलचं! बाहेरच्या भट्टीतून आत पाऊल टाकलं आणि थंडगार हवा अंगावर आली. मंदा म्हणाली, "अगो, ह्यां तर महाबळेश्वर!" गादीच्या खुर्च्या, त्यांना मधे दांडा नाही. आम्ही मागच्या रांगेत बसलो. सुनावणी घेणारे साहेब सभ्य होते, हे मी आवर्जून सांगते. त्यांनी सगळ्यांना पाणी द्यायला सांगितलं. मग म्हणाले, आधी एक छोटंसं सादरीकरण बघू. आणि हॉलमधले दिवे घालवले.

पडद्यावर हरीण आलं, ट्रॅक आला, हृदय आलं. एका संथ आवाजात 'दर्जेदार नागरी अनुभव' वगैरे चाललं होतं. मी माझे मुद्दे मनात घोळवत होते. दिवे लागले आणि साहेबांनी विचारलं, "कोणाला काही म्हणायचंय?" मी उठले, जेवढं धड बोलता आलं तेवढं बोलले. घरकाम करणाऱ्या बायकांना दुपारी बसायला दुसरी जागा नाही, बाग सगळ्यांची आहे, ती दुपारीही उघडी ठेवा. साहेब म्हणाले, "तुमचा मुद्दा लक्षात आला. पण त्यांच्याकडूनच ऐकायला आवडेल. आल्यात ना त्या?"

मी मागे वळले. सगळ्या झोपल्या होत्या. रांगच्या रांग. मंदाचं डोकं शेजारणीच्या खांद्यावर. सुनंदा पिशवीच्या बंदात हात अडकवून, तोंड किंचित उघडं, मान मागे टाकलेली. पुढच्या रांगेतून कुणीतरी हसलं. एक ट्रॅकसूटवाले गृहस्थ मोठ्याने म्हणाले, "बघा! ह्यांना हरकत नाही, ह्यांना फक्त झोप हवीय." आणि हॉल हसला. माझ्या अंगाचा तिळपापड झाला, आणि खरं सांगते, त्याच क्षणी मलाही हसू फुटलं, कारण ते गृहस्थ जे बोलले त्यात चुकीचं काय होतं? झोपच तर हवी होती! मी सुनंदाला हलवायला हात पुढे केला. तिच्या कपाळावरच्या आठ्या गेल्या होत्या. बीपीची बाई, मेमधे पडलेली, इतक्या दिवसांनी गाढ झोपली होती. माझा हात तसाच मागे आला.

खुर्च्यांच्या आवाजाने ती जागी झाली तेव्हा हॉल रिकामा होत होता. "झालं?" तिने विचारलं. मग तिला कळलं. जिन्यात ती थांबली आणि भिंतीकडे तोंड करून पाठ केलेलं सगळं बोलली, पहिल्यापासून शेवटपर्यंत. साहेब, आम्ही तुमच्या शहराची घरं झाडतो, आम्हाला तुमच्या शहरात टेकायला जागा द्या, असं होतं ते. बोलून झाल्यावर डोळे पुसले. म्हणाली, "बोलायचंच होतं ओ ताई. पण त्यांनी लाइट घालवली." एरवी मंदाने ह्याच्यावर नक्कल केली असती. आज ती सुनंदाचा हात धरून जिना उतरली.

पावसाळ्यानंतर निर्णय आला. बागेच्या वेळा आहेत तशाच राहतील. त्यात एक वाक्य होतं, ते मी पुन्हा पुन्हा वाचलं. संबंधित महिला उपस्थित असूनही त्यांनी कोणतीही हरकत नोंदवली नाही.

मी हिवाळाभर त्या वाक्याशी भांडले. लोकसहभाग, लोकसहभाग म्हणतात, तो मोजतात कसा? बोलणाऱ्याचा धरतात, थकून झोपलेल्याचा धरत नाहीत. ज्याच्याकडे बोलण्याइतकी ताकद शिल्लक आहे तो नागरिक, आणि ज्याची ताकद त्या नागरिकाची फरशी पुसण्यात गेली त्याची हरकत नाही असं धरून चालायचं. बरं, साहेब वाईट नव्हते, धोरण लिहिणाराही वाईट नसेल. त्याला बाग म्हणजे सकाळी चालायची जागा वाटत असेल, माझ्यासारखीच. त्याने दुपारची बाग बघितलीच नसेल. मग ज्यांनी बघितलीय त्यांना ठरवायला बोलवायचं की ठरवून झाल्यावर ऐकायला? आणि बोलावलं तर दिवे चालू ठेवून बोलवायला काय हरकत आहे?

आणि आता हा उन्हाळा. करंजाला परत पालवी, गेटला परत कुलूप. मार्चमधेच ऊन असं की डांबर चपलेला चिकटतं. मी सुनंदाला म्हटलं, "माझ्याकडे ये गं दुपारची. पंखा आहे, चटई आहे, आमचे हे बँकेच्या मित्रांकडे पत्ते कुटायला जातात. कुणी नसतं."

ती आली. चटईवर बसली, मी चहा केला. चहा पिऊन झाला तशी ती उठली आणि कप विसळले. मी ओरडले तर म्हणाली, "राहू द्या ओ." मग वाळत घातलेले कपडे काढून घड्या केल्या. मी हाताला धरून तिला बसवली, तर ती भिंतीला टेकून ताठ बसून राहिली, माझ्या शोकेसकडे बघत. डोळा लागला नाही तिचा. निघताना म्हणाली, "रागवू नका ताई. तुम्ही चांगल्या आहात. पण कुणाच्याबी घरात गेलं की माझे हात काम शोधतात. मला बसल्यासारखं वाटतच नाही." मी तिला थांबवलं नाही. खिडकीतून पाहिलं, ती डोक्यावर पदर घेऊन भर उन्हात चालत गेली, बसस्टॉपवर थांबली नाही, पुढे वळली. मला वाईट वाटलं आणि ती कुठे वळली ह्याची चौकशीही डोकं खायला लागली.

ते कळलं मागच्या आठवड्यात. सुनावणी परत घ्या असा अर्ज द्यायला मी वॉर्ड ऑफिसला गेले. दुपारची वेळ, खाली नागरिकांसाठी बाकडी असतात, वर पंखे, कोपऱ्यात थंड पाण्याचा कूलर. बघते तर बाकड्यांवर आमचीच मंडळी! मंदा, आणि तिच्या शेजारी त्या सगळ्या, बसल्या बसल्या झोपलेल्या, पिशव्यांच्या बंदात हात अडकवून.

दारावरचा शिपाई मला बघून पुढे आला. "तुमच्या ओळखीच्या का मॅडम? रोज येतात. काय काम विचारलं तर म्हणतात, हरकत नोंदवायचीय. आमच्याकडे द्या म्हटलं, तर म्हणतात साहेबांनाच सांगू, त्यांना आमच्याच तोंडून ऐकायचं होतं. साहेब तर दुपारी साइटवर असतात. साहेब यायच्या सुमाराला ह्यांची कामाची वेळ होते, मग उद्या येतो म्हणून जातात. नागरिक आहेत, हरकत घेऊन आल्यात, बाहेर तरी कसं काढू?" त्याला हसू आवरत नव्हतं. "साहेबांच्या कानावर गेलंय. आज लवकर येतो म्हणालेत."

झकास, मी मनात म्हटलं.

टोकाला सुनंदा होती, आणि ती एकटीच जागी होती. डोळे लाल, पण सताड उघडे, साहेबांच्या दाराकडे लावलेले. मला बघून तिने बाजूची पिशवी मांडीवर घेतली. "बसा ताई."

"तू नाही झोपलीस?"

"आज माझी पाळी आहे," ती म्हणाली. "रोज एकीनं जागं राहायचं ठरवलंय आम्ही. साहेब आले आणि सगळ्याच झोपलेल्या दिसल्या तर परत लिहितील, हरकत नाही म्हणून." बोलता बोलता तिचा हात कपाळाकडे गेला.

"गरगरतंय का गं?"

"थोडंसं. होईल बरं."

मी माझा अर्ज पर्समधे कोंबला आणि तिच्या शेजारी बसले. पंखा करकरत होता. समोर साहेबांचं दार बंद होतं. मी तिची पिशवी माझ्या मांडीवर घेतली.

"सुनंदा, तू झोप," मी म्हटलं. "ते आले की उठवते. तुझं तूच बोल, पण तोवर मी आहे जागी."

तिने माझ्याकडे एकदा नीट बघून घेतलं. मग डोकं माझ्या खांद्याला टेकवलं आणि डोळे मिटले.